फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा नव्हे

‘आपला मोबाइल नंबर पुढच्या दोन तासांत बंद करण्यात येणार आहे. अधिक माहितीसाठी नऊ दाबा.’

असा रेकॉर्ड केलेला आवाज तुझ्या फोनवर अजून आला नसेल, तर येईल. बहुतेकदा तो हिंदीत किंवा इंग्रजीत असतो. कधी ‘ट्राय’चं नाव घेतो, कधी दूरसंचार विभागाचं, कधी सरळ तुझ्या सिमच्या कंपनीचं. आणि तो येईल तेव्हा तू दिवा-ठाण्याच्या मध्ये एका हाताने कडी धरून उभी असशील, नाहीतर डबे भरत असशील. तशा घाईत डोकं चालत नाही गं, कुणाचंच नाही. म्हणून हे आत्ता बोलून घेऊ, तुला जरा उसंत आहे तोवर.

आधी या ट्रायचं काय ते बघ. ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. मोबाइल कंपन्यांनी कसं वागायचं याचे नियम ते करतं. तुझा-माझा नंबर बंद करणं हे त्याचं कामच नाही. ट्रायने वारंवार जाहीर केलंय की नंबर बंद होण्याबद्दल आम्ही ग्राहकांना फोन किंवा मेसेज करत नाही, आणि आमच्या वतीने तसं करायला कुणाला नेमलेलंही नाही. बिल थकलं, कागदपत्रांत काही निघालं, नंबरचा गैरवापर झाला, तर जी काही कारवाई असेल ती तुझी कंपनी करते. तेव्हा ‘ट्रायमधून बोलतोय, नंबर बंद होतोय’ एवढं कानावर पडलं की पुढचं ऐकायचं काही उरलेलं नसतं.

पण तू ऐकत राहशील, हे मला माहीत आहे. कारण आपण तशाच वाढलोय. समोरचा बोलत असताना मध्येच तोडू नये, मोठ्या माणसाचा फोन आपण आधी ठेवू नये, ‘बरं, ठेवते हं’ म्हटल्याशिवाय तर नाहीच नाही. आई अजूनही राँग नंबरवाल्यालासुद्धा ‘नाही हो, इथे कुणी तसं राहत नाही’ असं नीट सांगते. हा चांगुलपणा मला फार आवडतो आणि तो सोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त एक लक्षात घे: फोनवरच्या त्या माणसाची सगळी कमाई तुला बोलतं ठेवण्यात आहे. पाच मिनिटं तू लाइनवर राहिलीस की त्याला तुझं नाव, बँक, घरी कोण असतं, किती घाबरतेस, हे सगळं कळतं. त्याचं वाक्य अर्धं असताना लाल बटण दाबलंस तर कुणाचाही अपमान होत नाही.

नंबर जाईल म्हटल्यावर आपल्या पोटात का गोळा येतो, तेही समजून घे, कारण भीती मूर्खपणाची नाहीये. पूर्वी डोंबिवलीत घरचा फोन बंद पडला तर बोलणं बंद व्हायचं, एवढंच. लाइनमन येईपर्यंत शेजारच्या घरी जायचं. आज बँकेचा ओटीपी, गॅस, पीएफ, आधार, लोकलचा पास, मुलाच्या शाळेचा ग्रुप, सगळं त्या दहा आकड्यांवर लटकलेलं आहे. नंबर गेला तर खरंच दिवस कोसळतो. तो माणूस खोटं बोलतो, पण आपल्या खऱ्या भीतीला हात घालतो.

आणि आपल्याला अशा फोनची सवय कुणी लावली, हेही सांगायलाच हवं. २०१७ आणि २०१८ आठव. ‘मोबाइल आधारशी जोडा, नाहीतर नंबर बंद होईल’ असे मेसेज खऱ्याखुऱ्या कंपन्या आपल्याला पाठवत होत्या. दूरसंचार विभागाचा आदेश मार्च २०१७चा होता, मुदत सरकत सरकत ३१ मार्च २०१८वर आली होती. घरबसल्या जोडणी करायला १४५४६ हा नंबरही सुरू झाला. तिथे आवाज सांगेल तशी बटणं दाबायची, आधार नंबर टाकायचा, आलेला ओटीपी टाकायचा. बाबांनी आणि त्यांच्या वयाच्या हजारोंनी ते आज्ञाधारकपणे केलं. पुढे २६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती रद्द केली, पण सवय कुठे रद्द होते? फोनवरचा आवाज सांगतो, आपण बटण दाबतो, आकडे देतो, हे अंगवळणी पडलं ते तेव्हा. त्यामुळे कुणी म्हातारं माणूस फसलं की ‘एवढं कसं कळलं नाही?’ असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं.

आता ओळखायचं कसं? आवाजावरून नाही. बोलणारी मुलगी गोड असेल, मागे कॉल सेंटरसारखा गलका ऐकू येईल. शुद्ध मराठीत बोलला म्हणून माणूस आपला ठरत नाही. ट्रूकॉलरवर ‘कस्टमर केअर’ दिसलं म्हणूनही नाही. ते नाव लोकांनीच दिलेलं असतं, त्यालाही देता येतं. व्हॉट्सॲपवरचा कंपनीचा लोगो तर कुणीही लावेल. त्याला तुझं नाव आणि पत्ता माहीत असणं हासुद्धा पुरावा नाही, कारण आपण किती दुकानांत नाव-नंबर लिहून दिलाय ते आपल्यालाच आठवत नाही. नंबर भारतातला दिसतोय यालाही अर्थ नाही. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे फोन अडवायची यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ला सुरू झाली, तर पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १.३५ कोटी कॉल पकडले. दुसरा मार्ग सिमबॉक्सचा. एका डब्यात ढीगभर सिमकार्डं घालतात, परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल त्यातल्या एका सिमवरून तुझ्यापर्यंत येतो, आणि तुला दिसतो साधा दहा आकडी मोबाइल नंबर. २०२४मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने असं बेकायदा एक्स्चेंज पकडलं ते आपल्या भिवंडीत. कल्याणहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर.

म्हणून मी सांगते, तो कोण आहे याच्या शोधात पडूच नकोस. तो काय मागतोय तेवढं बघ.

वीस आकडी नंबर मागितला किंवा पाठवायला सांगितला, तर तो तुझं सिम मागतोय. हा प्रकार नीट समजून घे, कारण यात ओटीपी विचारतच नाहीत आणि आपण बेसावध राहतो. प्रत्येक सिमकार्डाला स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो, कार्डावर छापलेला. त्या माणसाकडे एक कोरं सिम असतं. त्याचा नंबर तो तुला मेसेजने पाठवतो आणि म्हणतो, ‘मॅडम, तुमचं सिम ५जी करायचंय, हा मेसेज कंपनीच्या नंबरवर पुढे पाठवा, मग फोन येईल त्यावर एक दाबा.’ तू पाठवतेस. कंपनीच्या दृष्टीने तुझ्याच फोनवरून विनंती आली की माझा नंबर या नव्या सिमवर चालू करा. तुझ्या हातातलं सिम मरतं, त्याच्या हातातलं जिवंत होतं. ई-सिमचंही तसंच: ‘तुमचं ई-सिम चालू करून देतो’ म्हणून लिंक दाबायला लावतात, किंवा तुझ्याकडे आलेला क्यूआर कोड मागतात. आणि ५जीचं म्हणशील तर १ ऑक्टोबर २०२२ला ती सेवा सुरू झाली तेव्हाच जिओ आणि एअरटेल दोघांनी सांगितलं होतं की आहे त्याच ४जी सिमवर ५जी चालेल. सिम बदलायची गरजच नव्हती.

याची पहिली खूण म्हणजे फोनची रेंज अचानक जाणं. आपण लोकलवाल्या बायका रेंज गेली तर मनावर घेत नाही, गर्दीच्या गाडीत ती जातेच. पण सोबतच्या बाईचा त्याच कंपनीचा फोन चालतोय, तुझ्यावर मात्र ‘नो सर्व्हिस’ येतंय, फोन बंद-चालू करूनही तेच, तर ऑफिसला पोचायची वाट बघू नकोस. तिचा फोन माग आणि आधी बँकेला लाव. सरकारने यात दोन आडकाठ्या घातल्यात. सिम बदललं की पहिले चोवीस तास त्यावर मेसेज चालत नाहीत, हा २०२२चा नियम. आणि बदललेला नंबर सात दिवस दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, हा १ जुलै २०२४पासूनचा. म्हणजे तुला थोडा वेळ मिळतो. तो वेळ ‘नेटवर्क येईल आता’ म्हणण्यात घालवायचा नाही.

काही आकडे डायल करायला सांगितले, तर तो तुझे फोन मागतोय. चांदणी, ४०१, परत चांदणी, मग एखादा दहा आकडी मोबाइल नंबर आणि हॅश. ‘लाइनमध्ये प्रॉब्लेम आहे, हा कोड टाका की नेटवर्क सुधारेल.’ तो कोड तुझे सगळे येणारे कॉल त्या दहा आकडी नंबरवर वळवतो. कधी ४०१च्या जागी २१ असतो. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२४मध्ये याबद्दल सावध केलं होतं, आणि अशा कोडने कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४पासून थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तरी फोनच्या सेटिंगमधून तेच करवून घेता येतं, म्हणून गाफील राहू नकोस. कॉल वळवून त्याला काय मिळतं म्हणशील, तर व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करताना सहा आकडी कोड फोन करूनही सांगितला जातो. तो फोन त्याच्याकडे जातो, तुझं व्हॉट्सॲप त्याच्या हातात. मग मावशीला, बॉसला, सोसायटीच्या ग्रुपवर तुझ्या नावाने मेसेज: अडचणीत आहे, पंधरा हजार पाठव. शंका आली तर ##००२# डायल कर. वळवलेले कॉल रद्द होतात. आईच्या फोनवरही एकदा करून टाक.

ॲप घ्यायला सांगितलं, तर तो तुझा अख्खा फोन मागतोय. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट अशी नावं असतात. ही ॲपं वाईट नाहीत, ऑफिसातला आयटीवाला दूर बसून तुझा कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो यांच्यावरच. पण त्यात दिसणारा आकडा तू परक्याला वाचून दाखवलास की तुझा स्क्रीन त्याला दिसायला लागतो. मग तो म्हणतो, ‘केवायसी पूर्ण करायला फक्त दहा रुपयांचा रिचार्ज करा.’ दहा रुपये त्याला नकोच असतात. तू कार्डाचा नंबर, पिन टाकताना त्याला बघायचं असतं. रिझर्व्ह बँकेने २०१९मध्येच एनीडेस्कबद्दल बँकांना सावध केलं होतं, इतकं हे जुनं आहे.

पोर्टिंगचा, म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचा आठ अक्षरी कोड मागितला तरी तेच. तो कोड १९००ला मेसेज केल्यावर येतो आणि नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा असतो. फोनवर विचारणाऱ्याला कधीच नाही. गच्चीवर टॉवर बसवून महिना भाडं देतो म्हणणाऱ्यांची तर मी जास्त चर्चाही करणार नाही. टिटवाळा-बदलापूरकडे कुणाची जागा असेल तर त्यांना एवढं सांग, की ट्राय टॉवरसाठी ना-हरकत देत नाही आणि आधी पैसे भरायला लावणारा टॉवरवाला खरा नसतो.

मग खरी कंपनी काय करते? रिचार्ज संपत आला की मेसेज पाठवते, नवीन प्लॅन विकायला फोन करते, कधीकधी वैताग येईपर्यंत करते. पण दोन तासांची मुदत देऊन घाबरवत नाही, आणि तुझ्याकडून गुप्त काही मागत नाही. कागदपत्रं खरंच परत तपासायची असतील तर ते काम तिच्या ॲपमध्ये किंवा गॅलरीत, म्हणजे कंपनीच्या दुकानात होतं. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर गॅलरी सापडते. आधार घेऊन जायचं, समोर बसलेल्या माणसाला विचारायचं. तेवढाही वेळ नसेल तर तू स्वतः १९८ला फोन लाव, कुठल्याही कंपनीचं सिम असलं तरी तक्रारीचा नंबर तोच आहे. फोन तू लावायचा, त्याने लावलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि त्याने दिलेल्या ‘हेल्पलाइन’ नंबरवर तर नाहीच. गूगलवर शोधलेल्या पहिल्या कस्टमर केअर नंबरवरही नको. तिथेही हेच लोक आपले नंबर पेरून ठेवतात.

मेसेजचं एक उपयोगी आहे. मे २०२५पासून कंपन्यांच्या आणि सरकारी मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावापुढे रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येतं. ‘जी’ सरकारचा, ‘एस’ सेवेचा, ‘टी’ व्यवहाराचा, ‘पी’ जाहिरातीचा. ‘तुमची केवायसी स्थगित झाली’ हा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो कंपनीचा नाही. आपल्याकडे बीएसएनएलचं सिम जुन्या माणसांकडे अजून आहे, म्हणून हेही सांगते: बीएसएनएलचा लोगो लावलेली एक नोटीस व्हॉट्सॲपवर फिरत असते, ट्रायने केवायसी स्थगित केली, चोवीस तासांत सिम बंद. सरकारच्या पीआयबीने ती खोटी असल्याचं जाहीर केलंय. तरी ती परत परत फिरते.

आता त्या नऊच्या बटणाकडे परत येते, कारण मला खरी धास्ती त्याची वाटते. नऊ दाबलं की ‘अधिकारी’ येतो. तो म्हणतो, तुमच्या आधारवर आणखी एक सिम निघालंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, मुंबईत गुन्हा नोंदलाय. तू म्हणतेस, ते सिम माझं नाही. तो सहानुभूतीने म्हणतो, ‘मला कळतंय मॅडम, तुम्ही निर्दोष दिसता, मी पोलिसांना जोडून देतो, तुम्ही तक्रार द्या.’ बघ, इथे तो आपल्या बाजूचा होतो. मग व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश, मागे अशोकस्तंभ, आणि विषय सिमवरून मनी लाँडरिंगवर गेलेला. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, पैसे ‘तपासणीसाठी’ अमुक खात्यात टाकायचे. यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितलं, की कायद्यात अशी अटकच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, आणि चौकशीसाठी पैसे तर मुळीच मागत नाहीत.

हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. समोरचा माणूस वाचून बोलतो, कुठे दरडावायचं, कुठे मायेने बोलायचं हे ठरलेलं असतं. आपल्या जिल्ह्याने हे फार जवळून पाहिलंय. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली मुलं रात्री बसून अमेरिकेतल्या लोकांना फोन करायची आणि आम्ही तुमच्या आयकर खात्यातून बोलतोय, कर थकवलाय, पोलीस निघालेत, असं घाबरवायची. दंड गिफ्ट कार्डांनी भरायला लावायचे. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं होतं, सत्तरच्या आसपास अटक झाली. फोन उचलणारे अमेरिकन होते, शिकलेले होते, आणि इंग्रजी तर त्यांची मातृभाषाच. तरी फसले. तेव्हा डोंबिवलीतल्या एखाद्या निवृत्त काकांनी त्याच युक्तीपुढे हात टेकले, तर त्यात अडाणीपणा कुठून आला?

उलट मला त्या काकांचीच जास्त काळजी वाटते. ठाणे-डोंबिवलीत अशी घरं किती आहेत बघ. बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात पस्तीस वर्षं नोकरी, एकही गैरप्रकार नाही, मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत, आणि घरी दोघंच. सरकारी पत्राला मुदतीत उत्तर देण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांना ‘तुमच्यावर गुन्हा आहे’ हे शब्द चाबकासारखे लागतात. प्रामाणिक माणूस आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायला धावतो. त्याच्या हातात तेव्हा फोन असतो आणि खात्यात फंडाचे पैसे.

फोनच्या त्या टोकाला बसलेल्या सगळ्यांना मी राक्षसही म्हणणार नाही. नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारला नेलेली आपल्या देशातली मुलं तिथे पासपोर्ट काढून घेऊन अशाच कामाला जुंपली जातात. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत साडेपाचशेच्या आसपास जणांना परत आणलं. हे तुला अशासाठी सांगितलं, की शेजारच्या मुलाला ‘परदेशात डेटा एंट्री, लाखभर पगार’ अशी नोकरी मिळाली म्हणून पेढे आले, तर पेढा खाण्याआधी दोन प्रश्न विचार.

आता घरातलं. यावर मला तुझ्याशी जरा कडक बोलायचंय. ‘आई, तुला कितीदा सांगितलं, अनोळखी फोन उचलू नकोस!’ हे वाक्य बंद कर. जावईबापूंनाही सांग. तो चोर काय सांगतो? घरात कुणाला सांगू नका. आणि आपण ओरडून नेमकं तेच साधतो. ज्या आईला गेल्या वेळी बोलणी बसली, ती पुढचा फोन आल्यावर तुला सांगणार नाही. आधी एकटीनेच निस्तरायला बघेल, आणि तोवर खातं रिकामं झालेलं असेल. पैसे जाण्याइतकीच वाईट गोष्ट म्हणजे, पैसे गेल्यावर ती तीन दिवस गप्प राहते, जेवत नाही, आणि आपल्याला वाटतं बीपी वाढलंय.

त्यापेक्षा तिच्याबरोबर एकदा तालीम कर. तू बेडरूममधून तिला फोन लाव आणि ती केवायसीवाली बाई हो. दोन तासांची मुदत दे, आवाज चढव, मग गोड हो. तिला वाक्य मध्येच तोडून फोन ठेवायला लाव. पहिल्यांदा ती हसेल, दुसऱ्यांदा ‘अगं, तुझं वाक्य तरी पुरं होऊ दे’ म्हणेल, मग ठेवेल. हाताला ती सवय लागायला हवी. सुचलंच नाही काही, तर तिने एवढंच म्हणायचं: ‘हे सगळं माझी मुलगी बघते, तिला विचारते,’ आणि ठेवायचं. आणि तिने तुला भर मीटिंगमध्ये फोन केला तरी उचल गं. वैतागलेल्या आवाजात ‘काय आहे?’ नको. ती पुन्हा करायची नाही.

बाबांचं वेगळं. त्यांना शिकवलेलं आवडत नाही. त्यांच्यासमोर संचार साथी उघड आणि म्हण, ‘बाबा, आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायचंय, जरा मदत करा.’ दूरसंचार विभागाचं ते पोर्टल मे २०२३मध्ये सुरू झालं, ॲप जानेवारी २०२५मध्ये आलं. मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिला की त्या माणसाच्या नावावरची सगळी कनेक्शनं दिसतात; ओळखीची नसतील ती तिथेच कळवता येतात. ‘तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय’ या धमकीतली अर्धी हवा यानेच जाते, कारण खरं काय ते बाबांनी स्वतः पाहिलेलं असतं. त्याच पोर्टलवर ‘चक्षू’ आहे, मार्च २०२४पासून. पैसे गेले नाहीत, नुसता संशयित फोन आला, तरी गेल्या तीस दिवसांतला असला तर तिथे कळवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. आपण वाचलो म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. तो नंबर लगेच पुढच्या घरी वाजणार असतो.

आणि झालंच समज. तू फसलीस, आई फसली, कुणीही. तेव्हा रडायच्या आधी १९३०. देशभर तोच नंबर. २०२१पासून बँका आणि पोलीस एका यंत्रणेवर जोडलेत. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात, ते वाटेत गोठवता येतात, पण लगेच कळवलं तर. खाते नंबर, रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेव. १९३० लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भर, तोवर दुसऱ्या कुणाला तरी बँकेला फोन लावू दे. एकीने एकाच वेळी दोन्ही करत बसायचं नाही.

बँकेला कळवल्याची वेळ लिहून ठेव, तक्रार क्रमांक माग. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने हा नियम केला. तुझी चूक नाही, बँकेचीही नाही, भलत्याच कुणी पैसे काढले, आणि तू तीन कामाच्या दिवसांत कळवलंस, तर नुकसान तुझ्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तू स्वतः सांगितला असशील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेखातर गप्प बसलेला प्रत्येक तास खिशाला लागतो. ‘मीच ओटीपी दिला, आता कुठल्या तोंडाने सांगू’ हा विचार मनात आला तरी फोन उचलायचाच.

त्यानंतर पोलीस ठाणं. नौपाडा, मानपाडा, रामनगर, विष्णुनगर, बाजारपेठ, तुला जवळचं असेल ते. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सगळा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाचाच आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हटलं तरी परत फिरू नकोस, गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. कॉलची यादी, मेसेज, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काही पुसू नकोस. संतापाने ब्लॉक करून डिलीट केलं की पुरावाही जातो. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ आणि मला पाठव, माझ्याकडेही राहू देत. तिथे एकटीने जायला कसंतरी वाटत असेल तर सांग, मी येते बरोबर. फक्त शनिवार-रविवारची वाट बघू नकोस, मी अर्धी रजा टाकेन.